विश्लेषण : परंपरा न मोडता समाज बदलता येतो का? न्यायमूर्ती रानडेंनी तडजोडी का केल्या?

विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या महादेव गोविंद रानडे यांनी स्वतःचा दुसरा विवाह मात्र ११ वर्षांच्या मुलीशी केला. ही विसंगती त्यांना आयुष्यभर चिकटली. ती केवळ कच खाणे होती की त्यामागे काही विचार होता?

पार्श्वभूमी काय?

रानडेंचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडचा, बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक. प्रार्थना समाजात ते आघाडीवर होते आणि विष्णुशास्त्री पंडितांच्या विधवाविवाह चळवळीतही होते. १८७१ मध्ये न्यायाधीश म्हणून ते पुण्यात आले.

१८७३ मध्ये काय घडले?

त्या वर्षी पहिल्या पत्नी सखुबाई वारल्या. मुलगा आता विधवेशीच लग्न करील, या धास्तीने वडिलांनी काही आठवड्यांतच दुसरे लग्न ठरवले. घरात विधवा बहीण होती. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. त्यांनी विरोध केला, पण वडिलांचा शब्द मोडला नाही. सहकाऱ्यांना तो विश्वासघात वाटला. विष्णुशास्त्री पंडितांनी मात्र पुढे स्वतः विधवेशी विवाह करून दाखवला.

मग रमाबाईंचे काय झाले?

घरातील बायकांचा विरोध असताना रानडेंनी पत्नीला लिहायला-वाचायला शिकवले, पुढे इंग्रजीही. टोमणे सोसावे लागले ते रमाबाईंना. वडिलधाऱ्यांशी उघड भांडण नको, पण शिकवणेही थांबवायचे नाही, ही रानडेंची रीत. १८८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या हायस्कूलमागेही त्यांचा पुढाकार होता. हीच शाळा हुजूरपागा.

पंचहौद प्रकरण काय होते?

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांना चहा-बिस्किटे देण्यात आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापवली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पाहुण्यांत टिळकही होते, रानडेही. बहिष्कारामुळे मित्रांच्या घरी अडचणी वाढल्या, तेव्हा १८९२ मध्ये रानडेंनी त्यांच्यासोबत प्रायश्चित्त घेतले. सुधारकांना हा पुन्हा धक्का होता.

यामागचा विचार कोणता?

१८८७ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक परिषदेच्या व्यासपीठावरून रानडेंनी सुधारणेचे चार मार्ग मांडले : शास्त्राचा नवा अर्थ लावणे, लोकांच्या सदसद्विवेकाला आवाहन करणे, कायदा करणे आणि समाजापासून फुटून निघणे. चौथा मार्ग त्यांना नको होता. वेगळा झालेला सुधारक स्वतः मोकळा होतो, पण समाज आहे तिथेच राहतो, असे त्यांना वाटे. जुन्यात बदल होतच आला आहे, हे दाखवण्यासाठी ते भागवत धर्मातील संतांचा दाखला देत.

कायदा मात्र त्यांना वर्ज्य नव्हता. संमतीवयाची मर्यादा १० वरून १२ करणाऱ्या १८९१ च्या कायद्याला त्यांचा पाठिंबा होता. टिळकांचा विरोध होता, कारण परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती.

विरोध कोणी केला?

दोन्ही बाजूंनी झाला. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू देणार नाही, असा हट्ट सनातन्यांनी धरला. रानडेंनी मंडपाचा आग्रह सोडला, परिषद सोडली नाही. ती दुसरीकडे भरली. सुधारकांचा आक्षेप वेगळा होता. नेताच माघार घेतो, तर सामान्यांनी धीर कोणाकडून घ्यायचा?

आज याचे महत्त्व काय?

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदन उभे केले आणि असंख्य स्त्रियांना शिक्षणाची वाट मिळाली. जातिव्यवस्थेवर थेट घाव घालणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९४३ मध्ये पुण्यातील व्याख्यानात रानडेंचा गौरव केला. राजकीय सुधारणेपेक्षा सामाजिक सुधारणा अवघड, कारण तिथे आपल्याच माणसांशी लढावे लागते, हे त्यांनी अधोरेखित केले.

तरी हिशेब पूर्ण जुळत नाही. समाजाला बरोबर घेऊन जायचे तर थांबावे लागते, आणि त्या थांबण्याची किंमत बहुतेकदा ज्यांच्यासाठी सुधारणा हवी असते, त्यांनाच मोजावी लागते. रानडेंच्या घरात ती आधी विधवा बहिणीने मोजली, मग ११ वर्षांच्या रमाबाईंनी.