डॉ. होमी भाभा : सगळ्यांनी मिळून बांधलेली अणुभट्टी

बोईसर-तारापूरच्या मुलांना अणुऊर्जा केंद्र नवीन नाही. पण त्यामागे ज्यांची दृष्टी होती, त्या डॉ. होमी जहांगीर भाभांची ओळख बहुतेक वेळा 'मोठे शास्त्रज्ञ' एवढ्यावरच थांबते. त्यांनी माणसं कशी जमवली, हेही मुलांना सांगायला हवं.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. वडिलांची इच्छा मुलाने इंजिनिअर व्हावं अशी होती, मुलाला ओढ भौतिकशास्त्राची. केंब्रिजला त्यांनी आधी इंजिनिअरिंग पूर्ण केलं, मग आवडीचा विषय घेतला. चित्रकला आणि संगीतही सोडलं नाही. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, युद्ध सुरू झालं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली.

१९५५ मध्ये तुर्भ्याला छोटी अणुभट्टी बांधायचं ठरलं. असं यंत्र देशात कुणीच बांधलेलं नव्हतं आणि एका विषयाच्या माणसाला ते जमणारही नव्हतं. गणित भौतिकशास्त्रज्ञांचं, पाण्याची टाकी आणि बांधकाम इंजिनिअरांचं. नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं ए. एस. राव यांच्या गटाने इथेच तयार केली. इंधन मात्र ब्रिटनकडून आलं. बरीचशी मंडळी तरुण होती. अनुभव कमी, पण उत्साह दांडगा! ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' सुरू झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली ही पहिली अणुभट्टी.

पुढच्याच वर्षी भाभांनी प्रशिक्षण शाळा काढली. तिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि इंजिनिअरिंगची मुलं एकत्र शिकू लागली.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधल्या, पण त्या चालवायला आपली माणसं तयार होती. केंद्रातून १९६९ मध्ये वीज मिळू लागली. भाभांना ते पाहता आलं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समध्ये विमान अपघातात त्यांचं निधन झालं.

वर्गात प्रकल्पासाठी गट करताना आपण पुष्कळदा हुशार मुलं एकीकडे बसवतो. पालकांनाही तेच बरं वाटतं. पण एकाला गणित येतं, दुसऱ्याला चित्र, तिसऱ्याच्या हातात पाना-पक्कड शोभते. हे तिघं एकाच गटात आले, तर एकमेकांचं न येणारं शिकतील. प्रकल्पही खरा त्यांचा होईल.