‘ई. कोलाय’मधला ‘ई’ कोण?

बायोटेकवाल्यांनो, लॅबमध्ये ‘ई. कोलाय’ वाढवता ना? त्यातला ‘ई’ म्हणजे थिओडोर एशेरिच. १८५७ मध्ये जर्मनीतल्या आन्सबाखमध्ये जन्मलेला हा मुलांचा डॉक्टर. त्या काळी जुलाबानं तान्ही बाळं भराभर दगावायची. त्यांच्या पोटात नेमकं काय चाललंय हे बघायला हा पठ्ठ्या थेट लंगोटापाशी पोचला! म्युनिकमध्ये बाळांची शी तपासून १८८५ मध्ये त्यानं एका जिवाणूची नोंद केली. पुढे ग्राझ, मग व्हिएन्ना. तिथं बाळांना आईचंच दूध मिळावं म्हणून तो झटत राहिला. १९११ मध्ये तो गेला. जिवाणूला त्याचं नाव मिळालं १९१९ मध्ये.

खरी गंमत त्यानंतरची. १९७८ मध्ये अमेरिकेत याच जिवाणूकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घेतलं. पण छोटं परकं प्रथिन जिवाणू आतच तोडून टाकतो. मग संशोधकांनी शक्कल लढवली: इन्सुलिनची साखळी जिवाणूच्याच एका मोठ्या प्रथिनाला जोडायची, ती टिकली की कापून वेगळी करायची. अशा दोन साखळ्या वेगवेगळ्या बनवून नंतर एकत्र आणल्या. १९८२ मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली. तोवर इन्सुलिन यायचं ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून.