त्रिरश्मीच्या शिलालेखांना वाचा देणारा पंडित

नाशिक म्हटले की कुंभमेळा, गोदावरीचा घाट आणि काळाराम मंदिर, एवढेच चित्र शालेय पुस्तकांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकांपर्यंत रंगविले जाते. आंबेडकरी चळवळीला याच नाशिकची आणखी एक ओळख ठाऊक आहे. 2 मार्च 1930 रोजी बोधिसत्व बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या खंबीर संघटनाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला व तो पाच वर्षे चालला. मंदिराचे दार उघडले नाही. परंतु त्या बंद दारापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या डोंगरात भिक्खुसंघासाठी कोरलेली चोवीस लेणी दोन हजार वर्षांपासून उभी होती. त्यांतली दाने चारही दिशांहून येणाऱ्या भिक्खुसंघाला दिलेली आहेत, हे तिथल्याच भिंतींवर कोरलेले आहे. मग हे शहराला ठाऊक का नव्हते? कारण ती लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता, आणि लोकांनी त्या डोंगराला पांडवांचे नाव देऊन टाकले होते.

ही लिपी वाचणाऱ्यांत ज्यांचे नाव आदराने घेतले पाहिजे, ते म्हणजे पंडित भगवानलाल इंद्रजी. आमच्या वाचकांना हे नाव सोपाऱ्याच्या स्तूपामुळे परिचित असेल. परंतु त्यांचे जीवन फारसे सांगितले जात नाही.

भगवानलाल यांचा जन्म 1839 साली सौराष्ट्रातील जुनागढ येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. गावाशेजारीच गिरनारच्या पायथ्याशी सम्राट अशोकाचा शिलालेख. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 साली अशोकाच्या लिपीची किल्ली शोधून काढली होती. ती अक्षरमाला हाती धरून या मुलाने शिळेसमोर बसून लिपी आत्मसात केली. इंग्रजी त्यांना जेमतेम येई. पुढे ते आपले संशोधन गुजरातीत लिहीत आणि ब्यूलर यांच्यासारखे विद्वान त्याचे इंग्रजी भाषांतर करीत. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाला पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली.

1861 च्या सुमारास मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. त्यानंतर अजिंठ्यापासून नेपाळपर्यंत भगवानलाल यांनी अक्षरशः पायपीट केली. शिलालेखांचे ठसे घ्यावेत, हाताने नकला कराव्यात, नाणी जमवावीत, हाच त्यांचा दिनक्रम. भाऊ दाजींच्या अनेक निबंधांमागे या नकलांचे श्रम आहेत. 1869 साली मथुरेत त्यांना क्षत्रप राजवटीचा प्रसिद्ध सिंहशीर्ष मिळाला. तो कुठे होता? कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातीच्या वस्तीत, शीतलादेवीच्या ओट्याच्या पायरीत बसविलेला! बुद्धाचा वारसा कुणाच्या अंगणात टिकून राहिला, यावर वाचकांनी अवश्य विचार करावा.

नाशिकचा त्रिरश्मी डोंगर या पंडितांच्या कार्याचा महत्त्वाचा टप्पा आहे. त्यांच्याआधी स्टीव्हनसन यांनी आणि 1874 साली रा. गो. भांडारकरांनी हे लेख वाचण्याचे प्रयत्न केले होते. भगवानलाल यांनी लेणे न् लेणे तपासून वाचने सुधारली. 1881 साली बर्जेस यांच्यासोबत पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह निघाला आणि 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये त्यांचे सविस्तर विवेचन आले. प्रकरणाला लोकांच्या तोंडचे पांडुलेणे हे नाव राहिले. आतला मजकूर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत बुद्धाच्या संघाचा होता.

काय आहे या लेखांत? क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज. वर्षाचे झाले 240. त्यातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. उरलेल्या 1000 वर शेकडा पाऊण व्याज, ते किरकोळ खर्चासाठी. मुद्दलाला हात लावायचा नाही. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी ठेव ठेवली, ती तेली आणि कुंभार यांच्या श्रेणींकडे. ज्यांना पुढे मनुवादी व्यवस्थेने शूद्र म्हणून हिणविले, त्या कष्टकरी कारागिरांच्या संस्था त्या काळच्या विश्वासू पतपेढ्या होत्या! बँकेचा इतिहास युरोपातून शिकविणाऱ्यांनी हे एकदा वाचावे.

या लेखांत आकडे शब्दांत आहेत आणि शेजारी चिन्हांतही. त्यामुळे जुन्या अंकचिन्हांची किंमत ठरविता आली. तेव्हा शून्य वापरून संख्या लिहिण्याची पद्धत नव्हती. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. 1877 साली भगवानलाल यांनी या प्राचीन अंकांवर निबंध लिहून त्यांतील अनेक चिन्हे अक्षरांच्या रूपाची असल्याचे दाखविले. गणिताच्या इतिहासाला भिक्खूंच्या लेण्यांनी दिलेले हे साहित्य आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख तिच्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची थोरवी गातो. त्याने क्षहरातांचा वंश संपविला, हे त्यात आहे. त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, हेही गौरवाने सांगितले आहे. तीच राजमाता भिक्खुसंघाला लेणे दान देते. म्हणजे वर्णव्यवस्था आणि धम्म यांचा संघर्ष एकाच भिंतीवर दिसतो. आपल्या सोयीचे तेवढे वाचायचे आणि बाकीचे झाकायचे, हा धंदा विरोधकांना लखलाभ असो. लेख संपूर्ण वाचला पाहिजे.

आणि ही वाचने कल्पनेच्या भराऱ्या नव्हत्या. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. शिळेवरच्या लेखाला मातीतून साक्ष मिळाली. भगवानलाल हे पाहायला हयात नव्हते.

त्याआधी 1882 साली त्यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला होता. त्या टेकाडाला गावकरी बुरुड राजाचा कोट म्हणत. आत दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक निघाले, आठ छोट्या बुद्धमूर्ती निघाल्या आणि भिक्षापात्राचे समजले गेलेले मातीचे तुकडे मिळाले. पुढे 16 मार्च 1888 रोजी मुंबईत भगवानलाल यांचे निधन झाले. मथुरेचा सिंहशीर्ष व आपली नाणी त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिली. तो ठेवा आपल्या मातीत राहायला हवा होता, असे आम्हाला वाटते.

जन्माने ब्राह्मण असलेल्या पंडिताचे गुण आम्ही का गावे, असे कोणी विचारील. बाबासाहेबांनी आम्हाला पुरावा पाहायला शिकविले, पुरावा देणाऱ्याची जात नव्हे. परंतु दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या इतिहासावर किती पिढ्या काढायच्या? 2024 साली मराठीसोबत पाली आणि प्राकृत या भाषांनाही अभिजात दर्जा मिळाला. त्या भाषांचे मूळ दस्तऐवज त्रिरश्मीच्या भिंतींवर ऊन-पावसात झिजत आहेत. आज गावोगावचे आमचे तरुण धम्मलिपी शिकून लेण्यांत जातात, ही फार मोठी आशा आहे. नाशिकच्या प्रत्येक विहारात लिपीचा वर्ग सुरू झाला पाहिजे. जुनागढचा एक मुलगा अक्षरमालेच्या एका कागदावर हे शिकू शकला. ज्या दिवशी आमची मुले-मुली ते लेख स्वतः वाचून दाखवतील, त्या दिवशी त्या डोंगराला पांडवांचे नाव चिकटवण्याची कोणाची हिंमत होणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!