विश्लेषण : एआर-१५ रायफलचे जनक यूजीन स्टोनर कोण होते? ‘लोअर रिसीव्हर’लाच बंदूक का मानले जाते?

भारतीय लष्कराने २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घेण्याचा करार केला. या रायफलीची ठेवण ज्या आराखड्यावरून आली, तो सत्तर वर्षांपूर्वी यूजीन स्टोनर या अभियंत्याने आखला होता. अमेरिकेत पहिल्यांदाच सुटे भाग जोडून रायफल तयार करणारा ग्राहक ज्या ‘लोअर रिसीव्हर’च्या निवडीपासून सुरुवात करतो, तो भागही याच आराखड्यातला.

सुरुवात कशी झाली?

स्टोनर यांचा जन्म १९२२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. बालपण कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे गेले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. शालेय शिक्षणानंतर ते विमानांवर शस्त्रे बसवण्याच्या कामाला लागले. दुसऱ्या महायुद्धात मरीन कोअरमध्येही विमानांच्या शस्त्रास्त्रांचीच जबाबदारी त्यांच्याकडे होती. विमानात वजनाला फार महत्त्व असते. हलका पण मजबूत धातू कुठे चालतो आणि कुठे पोलादच लागते, हे त्यांना तिथे समजले.

१९५४ मध्ये ते हॉलिवूडमधील आर्मालाइट या छोट्या कंपनीत मुख्य अभियंता झाले. फेअरचाइल्ड या विमान कंपनीचीच ती शाखा होती.

त्यांच्या रायफलीत वेगळे काय होते?

गोळी सुटताना निर्माण होणारा प्रचंड दाब तोपर्यंतच्या अनेक रायफलींमध्ये मुख्य सांगाड्यालाच पेलावा लागे. त्यामुळे सांगाडा जड पोलादाचा असे. स्टोनर यांच्या एआर-१० रायफलीत बोल्ट थेट नळीच्या मागच्या पोलादी भागात अडकत असे. दाब तिथेच पेलला जाई. त्यामुळे बाकीचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा करता आला.

हा सांगाडा दोन भागांचा होता. वरच्या भागात नळी आणि बोल्ट. खालच्या भागात, म्हणजे लोअर रिसीव्हरमध्ये, चापाची यंत्रणा, मूठ आणि मॅगझिनची जागा. मागे दस्ता. दोन्ही भाग फक्त दोन खिळांनी जोडलेले.

लष्करी चाचणीत मात्र एआर-१० ची नळी फुटली. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमची ती मिश्र नळी स्टोनर यांचा विरोध असतानाही कंपनीच्या वरिष्ठांच्या आग्रहाखातर बसवली होती. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच आराखडा लहान काडतुसासाठी बेतला. ती एआर-१५. आर्मालाइटने १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीला विकले.

व्हिएतनाममध्ये काय घडले?

लष्कराने हीच रायफल एम-१६ नावाने स्वीकारली. आधीची एम-१४ चार किलोंहून जड होती, तर ही सुमारे तीन किलोंची. पण १९६६-६७ मध्ये व्हिएतनाममधून तक्रारी येऊ लागल्या. ऐन चकमकीत रायफली अडकत होत्या. बंद पडलेली रायफल हातात असताना सैनिक मारले गेले.

अमेरिकी संसदेच्या समितीने १९६७ मध्ये चौकशी केली. काडतुसातील दारूचा प्रकार बदलला होता. त्यामुळे रायफलीची गती वाढली आणि आत काजळी साचू लागली. नळीच्या आत क्रोमचा मुलामा नव्हता. साफसफाईचे साहित्य आणि प्रशिक्षणही पुरेसे नव्हते. स्टोनर यांनी समितीसमोर साक्ष दिली. दारू बदलण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि त्यांचे मत विचारले गेले, तेही निर्णय झाल्यावर. पुढे सुधारित एम-१६ए१ आली आणि तक्रारी बऱ्याच कमी झाल्या.

मग ‘लोअर’ इतका महत्त्वाचा का?

अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानुसार बंदुकीचा रिसीव्हर हीच कायद्याने बंदूक ठरते. स्टोनर यांच्या रायफलीत रिसीव्हरच दोन भागांचा. त्यातील खालच्या भागाला प्रशासनाने बंदूक मानले. अनुक्रमांक त्यावरच असतो. परवानाधारक विक्रेत्याकडून तो घेताना ग्राहकाची पार्श्वभूमी तपासली जाते. नळी, बोल्ट यांसारख्या भागांना संघीय कायद्याने ही तपासणी लागत नाही.

गंमत अशी, की गोळीचा दाब या भागावर येतच नाही. रायफलीची अचूकता मुख्यतः नळी आणि बोल्टवर अवलंबून असते. त्यामुळे महागडा लोअर घेतल्याने नेम सुधारत नाही. ७०७५ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा, घडाई करून बनवलेला आणि लष्करी मापांत नेमका बसणारा साधा लोअर बहुतेकांना पुरतो. मापे चुकली तर मात्र मॅगझिन नीट बसत नाही किंवा दोन भागांचे खीळ जुळत नाहीत.

भारतात हा मार्गच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांचे सुटे भागही शस्त्रांतच मोडतात आणि परवान्याशिवाय शस्त्र तयार करणे गुन्हा आहे.

अखेरचा काळ कसा होता?

स्टोनर यांनी १९६१ मध्ये आर्मालाइट सोडली. त्यानंतर स्टोनर ६३ आणि एसआर-२५ या रायफलींवर त्यांनी काम केले. १९९० मध्ये एके-४७ चे जनक मिखाइल कलाश्निकोव्ह यांची आणि त्यांची अमेरिकेत भेट झाली. एम-१६ मुळे स्टोनर यांना रॉयल्टी मिळाली होती. कलाश्निकोव्ह यांच्या वाट्याला प्रामुख्याने पदके आली.

१९९७ मध्ये फ्लोरिडात स्टोनर यांचे निधन झाले. पुढे एआर-१५ धाटणीच्या रायफली अमेरिकेतील सामूहिक हत्याकांडांत वारंवार दिसू लागल्या. ही रायफल सैनिकांसाठी बनवली होती आणि स्टोनर यांच्या घरी ती नव्हती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी २०१६ मध्ये सांगितले. काडतुसातील दारूप्रमाणेच ही रायफल कोणाच्या हाती जाईल, हेही त्यांच्या हाती राहिले नव्हते.