डॉ. लील आणि पाण्यातलं क्लोरीन

क्लोरिनेशनचे डोस काढायची गणितं आपण सगळ्यांनीच घासली आहेत. पण अमेरिकेत शहराच्या पाण्यात कायमचं क्लोरीन सुरू करणारा माणूस कोण, हे मला लायब्ररीत शोधावं लागलं. सापडले डॉ. जॉन लील. म्हणजे इंजिनीअर नव्हेच!

जन्म १८५८ चा. वडीलही डॉक्टर. यादवी युद्धात सैन्याबरोबर असताना त्यांना आमांश जडला, तो सुटलाच नाही. १८८२ मध्ये ते गेले. मुलगा पुढे पॅटरसन शहराचा आरोग्य अधिकारी झाला आणि नंतर खासगी पाणी कंपनीचा सल्लागार.

त्या कंपनीवर जर्सी सिटीने खटला भरला होता. पाणी नेहमी शुद्ध नसतं, ही तक्रार. कोर्टाने सांगितलं, नदीकाठच्या गावांसाठी गटारं बांधा, नाहीतर दुसरा उपाय दाखवा. लीलनी दुसरा उपाय निवडला, ब्लीचिंग पावडर. आपल्या ग्रामपंचायतीत जिला टीसीएल म्हणतात तीच. जॉर्ज फुलर या इंजिनीअरने ९९ दिवसांत प्लांट उभा केला आणि २६ सप्टेंबर १९०८ ला बूंटन जलाशयाच्या पाण्यात डोस सुरू झाला. परवानगी कोणाचीच नाही! लोकांना तर पाण्यात केमिकल ही कल्पनाच नकोशी. कोर्टात लीलना विचारलं गेलं, हे पाणी घरच्यांना पाजाल का? ते ठामपणे हो म्हणाले. १९१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. जंतू मरतात आणि पाण्यात अपायकारक काही उरत नाही, असं त्यात नमूद झालं.

यातला दुसरा भाग मात्र पुरता खरा नव्हता. कुजलेल्या पाला-पाचोळ्यातून पाण्यात ह्युमिक द्रव्यं उतरतात. क्लोरीन जंतूंबरोबर त्यांच्यावरही हल्ला करतं आणि क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. बारावीला केलेली आयोडोफॉर्म टेस्ट आठवा, नातं जवळचंच आहे. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमीनवाली भावंडंही निघतात. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या योहान्स रूक यांनी हे दाखवलं. १९७६ मध्ये क्लोरोफॉर्ममुळे उंदरांना कॅन्सर होतो असं दिसलं, आणि १९७९ मध्ये अमेरिकेने लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. आज ती ८० आहे.

मग लील खोटं बोलले का? मला नाही वाटत. मायक्रोग्रॅम पकडणारा गॅस क्रोमॅटोग्राफ तेव्हा नव्हता, आणि टायफॉइड मात्र दारात उभा होता. शिवाय त्यांचा डोस लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी होता. १९१४ मध्ये ते वारले. क्लोरीन आजही चालूच आहे, फक्त आता आधी तुरटीने सेंद्रिय गाळ जमेल तितका खाली बसवतात आणि क्लोरीनचा मुख्य डोस त्यानंतर देतात.