शाळा सांभाळणारे कोशकार : वामन शिवराम आपटे

पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचा वर्धापनदिन १ जानेवारीला येतो. १८८० मध्ये याच दिवशी ही शाळा बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात सुरू झाली. वर्धापनदिनी जुन्या आठवणींना उजाळा मिळतो, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर ही नावे साहजिकच आधी घेतली जातात. त्यांच्याच बरोबरीने राबलेले एक नाव मात्र बहुधा कोशाच्या मुखपृष्ठापुरतेच उरले आहे. ते नाव वामन शिवराम आपटे यांचे. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येकाला आपट्यांचा कोश ठाऊक असतो. हा कोशकार या शाळेचा अधीक्षक होता, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते.

आपटे यांचा जन्म १८५८ मध्ये सावंतवाडी संस्थानात झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. आई मुलांना घेऊन कोल्हापूरला आली, पण मातृसुखही त्यांना फार काळ लाभले नाही. पोरक्या झालेल्या या मुलाच्या बुद्धीची पारख राजाराम हायस्कूलचे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी केली. कुंटे स्वतः कवी आणि व्यासंगी पंडित होते. त्यांच्या आधाराने आपट्यांचे शिक्षण चालू राहिले आणि १८७३ मध्ये ते मॅट्रिक झाले. या परीक्षेत संस्कृतसाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली.

पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे जर्मन संस्कृत पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पाणिनीय व्याकरणावर अधिकार असलेल्या या गुरूची शिस्त त्यांच्या अंगी मुरली. १८७७ मध्ये ते बी.ए. आणि १८७९ मध्ये एम.ए. झाले. त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीची दारे खुली असत. प्रतिष्ठा, निश्चित वेतन आणि पुढे निवृत्तिवेतन हे सारे त्यातून मिळे. ज्याचे बालपण दारिद्र्यात गेले, त्याला या वाटेचा मोह पडला असता तर कोणी दोष दिला नसता.

आपट्यांनी दुसरी वाट धरली. चिपळूणकरांनी सरकारी शिक्षकाची नोकरी सोडून स्वतंत्र शाळा काढली होती. टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी त्यांच्या जोडीला होते. शाळेच्या पहिल्या वर्षी टिळकांनी वेतनच घेतले नाही. अशा शाळेत १८८० मध्ये आपटे दाखल झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. एम.ए. पूर्ण करून आगरकरही पुढे येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये याच मंडळींनी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली. वृत्तपत्रांचा गाजावाजा अधिक झाला हे खरे, पण शाळेची घंटा रोज वेळेवर वाजणे हेही तेवढेच अवघड काम होते. अधीक्षक या नात्याने ते आपट्यांच्या वाट्याला आले.

या कामाची खरी कसोटी १८८२ मध्ये लागली. त्या वर्षी १७ मार्चला चिपळूणकरांचे वयाच्या ३२ व्या वर्षात असताना निधन झाले. ज्यांच्या नावावर पालकांनी विश्वास ठेवला होता, ते संस्थापकच गेले. त्या पाठोपाठ कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविषयी पत्रांतून आलेल्या मजकुरावरून उभा राहिलेला बदनामीचा खटला निकाली निघाला आणि जुलैमध्ये टिळक व आगरकर यांची रवानगी डोंगरीच्या तुरुंगात झाली. त्यांनी तेथे १०१ दिवस काढले. अडीच वर्षांची शाळा, संस्थापक काळाच्या पडद्याआड आणि दोन प्रमुख शिक्षक कारावासात, अशा अवस्थेत शाळा बंद पडली असती तर त्यात नवल नव्हते. पण वर्ग भरत राहिले.

त्याच वर्षी हिंदुस्थानातील शिक्षणाच्या पाहणीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाचे काम चालू होते. त्याचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळेला भेट दिली आणि तिच्याविषयी अतिशय गौरवाचा अभिप्राय दिला. आयोगापुढे शाळेचे अधीक्षक म्हणून आपट्यांनी साक्षही दिली. सरकारी मदतीवाचून एतद्देशीयांना उत्तम शाळा चालवता येते, हे सांगण्याचा अधिकार त्यांना त्यांच्या रोजच्या कामाने मिळवून दिला होता. जी शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी विद्यार्थिदशेत मिळवली होती, ती त्यांच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीही पटकावली. शाळेचा लौकिक वाढला तो अशा निकालांमुळे.

शाळेत शिकवता शिकवता आपट्यांची लेखणीही चालू होती. १८८१ मध्ये त्यांचे संस्कृत रचनेविषयीचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या दोन पुस्तकांनी विद्यार्थ्याला संस्कृतची ओळख करून दिली होती. आपट्यांच्या पुस्तकाने त्याला वाक्यरचनेच्या पुढच्या पायरीवर नेले. नियम सांगावा, अभिजात ग्रंथांतील उदाहरणे द्यावीत आणि मग अभ्यासासाठी वाक्ये द्यावीत, ही त्याची मांडणी वर्गात मुलांच्या अडचणी पाहिलेल्या शिक्षकाची आहे. १८८४ मध्ये त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश विद्यार्थ्यांच्या हाती आला.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य आपटे झाले. तेव्हा ते तिशीही गाठलेले नव्हते. आजीवन सदस्यांना दरमहा ७५ रुपये वेतन ठरले होते. या अल्प वेतनावर सदस्यांनी संस्थेखेरीज दुसरी कमाई करावी की नाही, यावरून पुढे तीव्र मतभेद झाले. सदस्यांनी आपला सारा वेळ आणि श्रम संस्थेलाच द्यावेत, असा टिळकांचा आग्रह होता. हे आणि असे इतर वाद विकोपाला जाऊन १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. एका ध्येयाने एकत्र आलेली माणसे दुरावली. प्राचार्यपदाची धुरा आपट्यांच्या खांद्यावर तशीच राहिली.

त्याच १८९० मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याआधी मोनिएर विल्यम्स यांचा कोश १८७२ मध्ये आला होता आणि युरोपीय पंडितांनी या क्षेत्रात मोठे काम केले होते. आपट्यांनी मात्र डोळ्यांपुढे विद्यार्थी ठेवला. काव्यनाटके वाचताना जो शब्द अडतो, तो कोणत्या अर्थाने कोठे आला आहे, हे ग्रंथांतील अवतरणांसह त्यांनी दाखवले. वृत्तांची माहिती, प्राचीन ग्रंथकार आणि प्राचीन भूगोलातील नावे यांच्यासाठी परिशिष्टे जोडली. शाळा, कॉलेज आणि संस्थेतील कलह सांभाळून एकट्याने एवढा व्याप पार पाडणे, यात त्यांच्या शिस्तीची कल्पना येते.

९ ऑगस्ट १८९२ रोजी, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, आपट्यांचे निधन झाले. फर्ग्युसन कॉलेजची स्वतःची वास्तू १८९५ मध्ये वापरात आली; ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकरही त्याच वर्षी गेले. आपट्यांच्या कोशाची परशुराम कृष्ण गोडे आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी सिद्ध केलेली तीन खंडांची सुधारित आवृत्ती १९५७ ते १९५९ या काळात पुण्यातच निघाली. जगभरच्या संस्कृत अभ्यासकांच्या मेजावर तो आजही असतो.

शाळेचा इतिहास सांगताना संस्थापकांचा त्याग सांगितला जातो, आणि तो सांगायलाच हवा. पण शाळा एका दिवसात निघते आणि नंतर ती रोज चालवावी लागते. वेळापत्रक, हजेरी, परीक्षा आणि पाठ्यपुस्तके यांत आपट्यांच्या आयुष्याची उमेदीची बारा वर्षे गेली. त्यांच्या कोशाची पाने आज चाळली, तरी अडलेल्या विद्यार्थ्याची वाट सोपी करणारा तो शिक्षक त्यांत भेटतो.