पाखरांच्या मरणाचा हिशेब मागणाऱ्या रेचेल कार्सन

पेरणीच्या दिवसांत पिशवीतून निघणारे गुलाबी किंवा हिरवट बियाणे तुम्ही पाहिले असेल. त्या रंगाबरोबर बहुधा औषधाचाही लेप असतो. बीजप्रक्रियेमुळे कोवळे रोप किडीपासून वाचते, हे खरे. परंतु मातीवर उघडे राहिलेले दाणे पाखरांनी टिपले तर काय, हा प्रश्न ज्यांच्या लेखणीने जगभर पोहोचविला, त्या रेचेल कार्सन यांचे हे चरित्र.

२७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल येथे त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची. आई मारिया लहानग्या रेचेलला रानात नेत, पाखरांची ओळख करून देत. पुढे मुलीच्या फीसाठी या माउलीने घरातील चिनी मातीची भांडीही विकली. (पालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.) लेखिका होण्यासाठी कॉलेजात गेलेली ही मुलगी एका शिक्षिकेच्या शिकवण्यामुळे जीवशास्त्राकडे वळली आणि १९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची एम. ए. झाली.

१९३५ साली वडील वारले. १९३७ साली बहीण गेली व तिच्या दोन मुलींचा भारही अंगावर आला. सरकारी मत्स्य खात्यात नोकरी करीत त्यांनी संसार ओढला. १९५१ सालच्या समुद्रावरील पुस्तकाने नाव झाले, तेव्हा कुठे १९५२ साली त्या नोकरीतून मोकळ्या झाल्या.

१९५८ साली एका मैत्रिणीचे पत्र आले. डीडीटीच्या फवारणीनंतर तिच्या अंगणातील पाखरे मरून पडली होती. कार्सनबाईंनी चार वर्षे पुरावे गोळा केले. त्यांत इंग्लंडची हकिकत विशेष भयंकर होती. तेथे गव्हाच्या बियाण्याला आल्ड्रिन, डिल्ड्रिन व हेप्टाक्लोर चोळीत. १९६० व १९६१ च्या वसंतात पेरणी झाली, आणि शेतांतून रानकबुतरे व फेझंट मरून पडू लागले. त्याच सुमारास कोल्हेही मोठ्या संख्येने मेले. कोल्ह्याने तर दाणा खाल्ला नव्हता! पण ही विषे चरबीत साठतात. दाणे खाल्लेले पाखरू कोल्ह्याने वा ससाण्याने खाल्ले की त्यातले विष त्याच्या अंगी जाते. अखेर १९६२ पासून वसंतातील पेरणीसाठी ही औषधे न वापरण्याचे तेथे आपसांत ठरले. अमेरिकेत टेक्सासच्या भातशेतीतही आल्ड्रिन लावलेल्या बियाण्याने बदके दगावली होती.

हे सारे १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात आले आणि रसायन उद्योगाने झोड उठविली. वास्तविक सर्वच कीटकनाशके बंद करा, असे बाईंचे म्हणणे नव्हते. आपण काय पसरतो ते जाणून पसरा, एवढाच आग्रह होता. टीका होत असता त्यांना स्तनाचा कर्करोग जडलेला होता, ही गोष्ट त्यांनी चारचौघांत कळू दिली नाही. १९६३ च्या जूनमध्ये तशाच अवस्थेत त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. १९७२ साली अमेरिकेने शेतीतील डीडीटीचा वापर जवळजवळ संपूर्ण बंद केला.

प्रश्न मात्र तेथे थांबला नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी राजस्थानात भरतपूरच्या अभयारण्यात सारस पक्षी मेले. तपासणीत आल्ड्रिन निघाले. आता बियाण्यावर इमिडाक्लोप्रिडसारखी नवी औषधे आली आहेत. चिमणीएवढ्या पाखराला त्याचे मोजके दाणेही घातक ठरू शकतात. युरोपीय संघाने २०१८ साली अशा तीन औषधांचा उघड्या शेतातील वापर बंद केला, तो मुख्यतः मधमाश्यांसाठी. आपल्याकडे कपाशीच्या बियाण्याला हे औषध लावतात. म्हणून, वाचकहो, तुमच्या घरी शेती असेल तर पेरणीनंतर बांधाच्या कडेला, जेथे पिशवी उघडली तेथे, सांडलेले दाणे तेवढे मातीखाली नीट गाडून टाका.